दिन्या, पुस्तकातलं एक पान गेलं

तान्हा पोळा, संध्याकाळ

प्रिय दिन्या,

तुझे तीन फोन येऊन गेले आणि मी एकही उचलला नाही. रागावलो नाही रे. उचलला असता तर सोयाबीनचा भाव, पाऊसपाणी आणि आईचे गुडघे यातच बोलणं संपलं असतं आणि सांगायचं ते राहून गेलं असतं. म्हणून आज कागदच घेतला. आईचे गुडघे तसेच, माझं बरं आहे, पऱ्हाटी कमरेला लागली. बाहेर पोट्टे लाकडी बैल घेऊन बोजारा मागत फिरताहेत. एवढी खबरबात पुरे.

तू पाठवलेलं ते 'ऑल-स्टार सुपरमॅन' कॉमिक आहे ना, त्यातलं एक पान कोणीतरी कापून नेलं. ओरबाडून नाही. ब्लेडनं, शिवणीला लागून, पट्टी ठेवल्यासारखं सरळ. पुस्तक जमा करून घेताना पानं चाळली तर बोटाला ती कड लागली. कोणतं पान ते तुला सांगायला नको. दहाव्या भागातलं. कठड्यावरच्या पोरीचं.

आता पहिल्यापासून सांगतो, मध्ये तोंड घालू नकोस.

ते पुस्तक वाचनालयात आलं तेव्हा वर्षभर त्याला कोणी हात लावला नाही. इंग्रजी, जाड आणि वरून चित्रांचं. मोठ्यांना ते पोरांचं वाटे, पोरांना अभ्यासाचं. मग उन्हाळ्यात मी दोनशे पानी वही घेतली आणि भाग, पान, चौकट असे आकडे टाकून एकेका फुग्याचं मराठी लिहून काढलं. बारा भागांना अडीच महिने लागले. रात्री जेवणं झाली की वाचनालयाच्या ओट्यावर चार-सहा जण जमायचे, मी वही वाचायचो आणि पुस्तक हातोहात फिरायचं. पहिल्या पानावर चार चौकटी आणि इंग्रजीत मोजून आठ शब्द. तेवढ्यात ग्रह फुटण्यापासून ते पोर शेतकरी जोडप्याच्या हाती लागण्यापर्यंतची सगळी कथा सांगून तो लेखक ग्रँट मॉरिसन मोकळा झाला. गुरुजी म्हणाले, "याला सूत्र म्हणतात. आमच्या वेळी व्याकरणात असायचं." आणि तिथून ते जे हजर राहू लागले ते एक रात्र चुकले नाहीत.

गुरुजींचं मत असं, की हा कर्णच. अंगात सूर्याचं तेज, लेकराला पेटीत घालून सोडलेलं, दुसऱ्याच्या घरी वाढलेलं. फरक एवढाच की कर्णाला कुळावरून जन्मभर टोचलं आणि याला त्या केंट जोडप्याच्या शेतात कोणी टोचलं नाही, म्हणून हा असा मायाळू निघाला. हे मला फार पटलं. पण ज्या सूर्यानं शक्ती दिली त्याच्याच जास्तीनं तो मरायला टेकतो, हे काही गुरुजींच्या गळी उतरेना. सूर्याजवळ अडकलेलं यान वाचवायला गेला आणि पेशी फुटतील एवढं ऊन अंगात भरून घेतलं, हे मी दोनदा वाचून दाखवलं. तेव्हा आपल्या नानाची प्राची (नववीत गेली ती, आणि बोलायला थेट नानावर) म्हणाली, "गुरुजी, तुम्ही मे महिन्यात दुपारी एक ते चार घराबाहेर निघता का? मग!" त्यावर गुरुजी गप्प झाले, हे तुला खास कळवतो, कारण आपल्याला सात वर्षांत जमलं नव्हतं.

प्राचीला सगळ्यात आवडली ती किल्ली. त्याच्या बर्फातल्या किल्ल्याची ती किल्ली पाच लाख टनांची असते आणि तो ती सरळ पायपुसण्याखाली ठेवून देतो. कुलपाची गरजच नाही, कारण उचलणार कोण? "आपण विटेखाली ठेवतो तसंच की," म्हणाली आणि हसत सुटली. त्याच्या मैत्रिणीला, लॉइसला, वाढदिवसाला एक दिवसापुरती त्याच्यासारखी शक्ती मिळते, तो भाग तिनं तीनदा वाचून घेतला. नंतर विचारलं, "एकच दिवस काऊन?" मला उत्तर देता आलं नाही.

चित्रांबद्दल मात्र बोलला तो रफिक पेंटर. दिन्या, तू असायला पाहिजे होतास. तू मला चित्रांवरून कितीदा हिणवलंस, की तुला गोष्टच दिसते, रेघ दिसत नाही. रफिकनं मला रेघ दाखवली. क्लार्क केंट, म्हणजे चष्म्यातला सुपरमॅनच, कचेरीत उभा आहे त्या चौकटीवर त्यानं अंगठा ठेवून चेहरा झाकला आणि सगळ्यांना विचारलं, "सांगा, हा क्लार्क का सुपरमॅन?" चेहरा दिसत नव्हता, कपडे अंधारात नीट दिसत नव्हते, तरी सगळे एकदम म्हणाले, क्लार्क. खांदे पुढं पडलेले, पोट सैल सोडलेलं, मान आत. मग दुसऱ्या पानावर तोच अंगठा. तोच माणूस, तेवढाच उंच, पण पाठ सरळ. रफिक म्हणाला, "चष्म्यानं कोनी लपत नसते भाऊ. हा पाठीच्या कन्यानं लपला." लहानपणापासून आपण विचारत होतो ना, की नुसत्या चष्म्यानं लोक फसतात कसे? घे उत्तर. आणि तो क्लार्क रस्त्यात धडपडून एकाला धडकतो, तो माणूस शिव्या घालतो, आणि बरोबर त्याच जागी वरून लोखंड कोसळतं. धडपडणं हेच त्याचं वाचवणं. हे मी वाचताना पाहिलंच नव्हतं, कारण फुग्यात लिहिलेलं नाही. ते फक्त चित्रात आहे.

फ्रँक क्वाइटलीची पेन्सिल, आणि तिच्यावर हातानं शाई न फिरवता शाईचं न् रंगाचं काम जेमी ग्रँटनं संगणकावर केलेलं, हे मी सांगितल्यावर रफिक बराच वेळ पान तिरकं धरून बघत बसला. "म्हनून रेघ अशी कोवळी राह्यली. शाईनं रेघ मरते." पण त्यानं दोषही काढले. बायांचे ओठ सगळे सुजल्यासारखे, आणि मागची भिंत जिथं तिथं रिकामी. "मजुरी वाचवली यानं," म्हणाला. गुरुजींना ती रिकामी जागा आवडली होती, त्यावरून दोघांची अर्धा तास जुंपली आणि त्या रात्री वाचन झालंच नाही.

आणि एक. दहाव्याच भागात सुपरमॅन एक छोटं विश्व तयार करतो, ज्यात सुपरमॅनच नाही अशी एक पृथ्वी आहे, आणि शेवटी त्या पृथ्वीवर कोणीतरी पेन्सिल घेऊन त्याचं चित्र काढतो. म्हणजे आपलीच पृथ्वी रे. १९३८ साल. जेरी सीगलनं लिहिला, जो शूस्टरनं काढला, आणि दोघांना हक्काचे मिळाले १३० डॉलर. हे ऐकून रफिकला अतोनात वाईट वाटलं. ग्रामपंचायतीच्या भिंतीचे पैसे त्याला अजून मिळायचेत.

आता पवनचं.

गणेशभाऊंचा पवन. गणेशभाऊ जाऊन अक्षय तृतीयेला दोन वर्षं झाली. तेव्हा तो यवतमाळला आयटीआय करत होता, ते सोडून आला आणि आता पाच एकर एकटा ओढतो. आई घरात, धाकटा सातवीत. तो रात्री यायचा, पण ओट्यावर नाही, खांबाला टेकून अंधारात बसायचा. मी मुद्दाम काही विचारलं नाही. सहाव्या भागाच्या रात्री मात्र तो पुढं आला आणि पुस्तक घरी मागितलं.

सहावा भाग तुला आठवत असेल. स्मॉलव्हिल, केंटांचं शेत, आणि तो काळ खाणारा राक्षस. त्याला मराठीत काय म्हणावं यावर मी दोन दिवस अडलो होतो. प्राचीनं एका क्षणात सांगितलं, काळखाऊ. आपल्या भाषेत काळ म्हणजे वेळही आणि मरणही, तेव्हा याहून चांगला शब्द मला सापडला नसता. तो काळखाऊ पोराच्या आयुष्यातली नेमकी ती मोजकी मिनिटं खाऊन टाकतो, आणि तेवढ्यात तिकडे शेतात बाप जातो. साऱ्या जगाचं ऐकू येणाऱ्या पोराला एकाएकी बापाच्या काळजाचा ठोका ऐकू येईनासा होतो. तो धावतो. पोचत नाही.

पवननं चार दिवसांनी पुस्तक परत दिलं आणि म्हणाला, "हे बराबर हाय भाऊ." बस, एवढंच.

मग दहावा भाग आला. ते पान मी नीट तयारी करून वाचलं होतं. त्यातलं एक वाक्य मी वहीत सहा वेळा खोडलं आहे. सुपरमॅन त्या पोरीला काय म्हणून हाक मारेल? आधी मी "बाळा" लिहिलं, मग "पोरी". आपल्याकडचा म्हातारा असता तर "माय" म्हणाला असता, म्हणून तेही लिहून पाहिलं. शेवटी प्राची म्हणाली, नुसतं तिचं नाव घ्या. तिला नावानं हाक मारणारं कोणी नाही म्हणून तर ती तिथं उभी आहे. मी नाव ठेवलं.

वाचून झालं. ती उंचावर कठड्यावर उभी, फोन हातातून गेलेला, डोळे मिटलेले. मागून खांद्यावर हात. तो तिला पडताना झेलत नाही, उडून दाखवत नाही. सांगतो, तुझ्या डॉक्टरांना खरंच उशीर झाला. तुला वाटतं त्याहून तू खंबीर आहेस. शेवटच्या चौकटीत ती त्याला बिलगते. एक पान, संपलं. ओट्यावर कोणी बोललं नाही. पवन उठला, चप्पल घातली आणि जाता जाता म्हणाला, "खोटं हाय हे पान, भाऊ. असं कोनी येत नसते."

दुसऱ्या दिवशी त्यानं धाकट्याला धाडून पुस्तक मागवलं. मी दिलं. आठवड्यानं धाकट्याच्याच हातून परत आलं, आणि त्यात ते पान नव्हतं.

दिन्या, तेव्हापासून मला झोप नाही. गुरुजी मला बोलले, खूप बोलले. ज्या घरात आग लागून गेली तिथं आगीचं चित्र नेऊ नये, एवढं तुला कळू नये? प्राची रडायला आली, म्हणाली, पान वाईट नाही गुरुजी, पान चांगलंच आहे. रफिक फक्त म्हणाला, मागची बाजूही गेली भाऊ, आता पुढच्या वाचणाऱ्याले गोष्ट तुटनार. आणि मी रात्री पडल्या पडल्या एकच हिशेब करतो. रागानं कापलं असेल तर ठीक, राग बरा. पण जपून ठेवायला कापलं असेल तर तो त्या पानाकडे बघून काय विचार करत असेल? आणि जाळलं असेल तर? हप्ता थकलेला आहे, सोसायटीची नोटीस आलेली मी पाहिली. मागं ओढताण असताना हा मुलगा कोणाशी बोलत नाही. मी पुस्तक दिलं नसतं तर? आणि दिलं नसतं, म्हणजे त्याच्याशी कोणी काहीच बोललं नसतं, ते बरं झालं असतं का?

विचारायची हिंमत झाली नाही. म्हणून मी जागलीला जाऊ लागलो. त्याचं शेत आमच्या बांधाला लागूनच आहे, आणि यंदा डुकरांनी आणि रोह्यांनी नुसता उच्छाद मांडलाय, तेव्हा निमित्त शोधावं लागलं नाही. बॅटरी, घोंगडी आणि आईनं दिलेला भाजीभाकरीचा डबा घेऊन त्याच्या माळ्यावर जाऊन बसलो. पहिल्या रात्री बोलणं फक्त डुकरांचं. तो पत्र्याचा डबा वाजवायचा, मी बॅटरी फिरवायचो. दुसऱ्या रात्री मी त्याला सीगलचं सांगितलं. सुपरमॅन लिहिणारा तो जेरी सीगल १७ वर्षांचा होता, १९३२ साली. बापाच्या कपड्याच्या दुकानात चोर शिरले आणि बापाचं काळीज तिथंच थांबलं. सहा वर्षांनी सुपरमॅन छापून आला. पवन खूप वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हंजे त्यानं बापाले वाचवनारा मानूस काढला का?" मी म्हटलं, लोक तसं म्हणतात. तो म्हणाला, "पन सहाव्या भागात तर बाप वाचत नाही."

तिथं माझ्या लक्षात आलं रे. मी ती दोन्ही पानं वेगवेगळी वाचत होतो. दहाव्या भागातलं पान खरं वाटायचं असेल तर सहावा भाग आधी लागतो. ज्याला कधीच उशीर झाला नाही, त्यानं खांद्यावर हात ठेवून "उशीर खरंच झाला" म्हटलं असतं तर ते खोटं वाटलं असतं. हा म्हणू शकतो, कारण याला झालाय. आणि आपलं ते जुनं भांडण, दारव्ह्याच्या स्टँडवरच्या दुकानातून आठ आण्याला दिवसभर कॉमिक आणायचो तेव्हाचं. तू नागराजवाला, मी ध्रुववाला. मी म्हणायचो, ज्याच्या अंगात शक्तीच नाही त्याचीच गोष्ट खरी, बाकीच्यांना भीती कशाची? तू म्हणायचास, शक्ती असून कमी पडते ती गोष्ट तू वाचलीच नाहीस. तेव्हा मी तुझ्यावर दप्तर फेकलं होतं. आता वाचली.

तिसऱ्या रात्री पवन आपण होऊन बोलला. पान त्याच्याकडेच आहे. त्यानं ते आईला दाखवलं. काकूंना इंग्रजी कुठलं येणार, त्यांनी विचारलं हे काय लिहिलंय, आणि त्यानं वाचून सांगितलं. आणि मग, दोन वर्षांत पहिल्यांदा, त्यानं आईला सांगितलं की त्या दिवशी बाबांचे तीन मिस कॉल होते. तो वर्कशॉपमध्ये होता, फोन बॅगेत होता. चार वाजता पाहिला. आईला तो सांगतच नव्हता. आई म्हणाली, मले वाटलं त्यायनं तुले फोन बी नाही केला. माय, तिला दोन वर्षं हे वाटत होतं, आणि त्याला दोन वर्षं ते.

मला सांगून झाल्यावर तो म्हणाला, "तरी पान खोटंच हाय भाऊ." मी म्हटलं, असू दे. त्यानं डबा वाजवला. नाल्याकडून डुकरं पळाल्याचा आवाज आला.

काळजी मिटलेली नाही. नोटीस आहे तशीच आहे, आणि तो हसतो तेव्हा मला बरं वाटत नाही. मी जागलीला जातोच आहे. सोसायटीत गुरुजींना घेऊन सोमवारी जाणार आहे, कर्जाच्या पुनर्गठनाचं बघतो. पान परत मागणार नाही. त्या जागी वहीतलं मराठी मी स्वच्छ अक्षरात उतरवून चिकटवलं आहे, म्हणजे गोष्ट तुटणार नाही. मागच्या बाजूचंसुद्धा.

पण पत्र यासाठी लिहिलं नाही.

त्या रात्री माळ्यावरून घरी येताना मला राजू दिसत होता. आपण दोघं त्या रपट्यावर बसलेलो. पाणी उतरेना, तू तीनदा पाण्यात उतरलास आणि मी तीनदा तुझी कॉलर धरून मागं ओढलं. रात्रीचे दोन. नंतर तू म्हणालास, आपण पोचलो असतो तरी काही झालं नसतं. त्या वाक्यापायी मी तुझ्याशी वर्षभर बोललो नाही, तुझ्या लग्नात आलो आणि जेवलो नाही. मला वाटलं तू हात झटकलेस. आता वाटतं, तू माझीच समजूत घालत होतास, आणि मला ती घालून घ्यायची नव्हती. त्याबद्दल मला माफ कर. हे फोनवर बोलता आलं नसतं.

आणि आपण राजूच्या आईला कधी सांगितलंच नाही रे. तेराव्याला गेलो, मान खाली घालून बसलो, चहा घेतला, आलो. इतकी वर्षं दर दिवाळीला मी तिच्याकडे फराळाचा डबा देऊन येतो आणि ती दरवेळी म्हणते, त्याचे मित्र चांगले होते, पण वेळेला कोणी नव्हतं. मी ऐकून घेतो. तिला हे माहीतच नाही की आपण निघालो होतो. त्याचा निरोप मिळाला तसे निघालो होतो. रपट्यापर्यंत आलो होतो.

वहिनींची नोकरी पक्की झाली का? छोटीला बारावीत किती पडले ते कळवलंच नाहीस. घराच्या हप्त्याचं फार मनावर घेऊ नको, आणि डोक्यावरचे केस गेले म्हणून टोपी घालून फोटो पाठवू नको, आम्हाला कळतं.

दिवाळीत ये. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राजूची आई घरी एकटी असते. मी एकटा गेलो तर ती म्हणेल, सुधाकर माझी समजूत काढतोय. दोघं गेलो तर तिला पटेल. कोणता रपटा, किती वाजता, पाणी कुठवर होतं, सगळं तूच सांग, तुला नीट आठवतं. मी सोबत बसतो.

तुझा,
सुध्या